ब्लॉकच्या भिंतीवर ५५ इंची टीव्ही आणि वळणारा ब्रॅकेट: आमचं काम कसं झालं

फुल मोशन वॉल माउंट म्हणजे टीव्हीचा तो ब्रॅकेट जो भिंतीपासून पुढे ओढता येतो, डावीकडे उजवीकडे वळतो, थोडा खाली झुकतो आणि काम झालं की परत भिंतीशी घडी होऊन बसतो. आमच्याकडे तो नोव्हेंबरपासून लागलाय आणि रोज वापरात आहे. पण लागेपर्यंत जे काही झालं त्यात माझी खरंच दमछाक झाली, कारण जिथे तिथे माहिती मिळत होती ती एकतर पक्क्या विटांच्या भिंतीची नाहीतर अमेरिकेतल्या लाकडी चौकटीच्या भिंतींची. आपल्याकडे नागपुरात मनीष नगर, बेसा, वर्धा रोड या बाजूला गेल्या काही वर्षांत जे फ्लॅट झाले त्यातल्या बऱ्याच ठिकाणी भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या (आत हवेचे बुडबुडे असलेल्या काँक्रीटच्या) आहेत, आणि त्या भिंतीवर हे कसं लावायचं ते नीट कोणी सांगत नव्हतं. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते, कोणाला उपयोग झाला तर बरंच.

आधी हा ब्रॅकेट लागलाच का ते सांगते. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं. घरी आल्यावर त्यांचा दिवस सगळा दिवाणावर, पाय उशीवर उंच ठेवून. आमचा हॉल एल आकाराचा आहे, सोफा टीव्हीच्या बरोबर समोर आणि दिवाण बाल्कनीच्या बाजूला, म्हणजे टीव्हीपासून पार तिरपा. जुना ३२ इंची टीव्ही तिथून धड दिसत नव्हता, आणि बाबा मान वळवून वळवून बघायचे. दिवाण हलवायचा तर बाथरूमचा रस्ता अडतो आणि वॉकर जात नाही. मग टीव्हीच त्यांच्याकडे वळला पाहिजे हे ठरलं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ झाला, त्यामुळे नवा घ्यायचा तर आता, असं नवऱ्याचं म्हणणं. ४८ हजारांचा होता तो ४४ हजार २५० ला पडला. २७ तारखेला ऑर्डर केला आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ ऑक्टोबरला घरी आला. टीव्ही निवडताना एक गोष्ट बघा: बऱ्याच एलईडी टीव्हीत व्हीए जातीचं पॅनल असतं, समोरून चित्र मस्त असतं पण बाजूने बघितलं की रंग फिके पडतात. आयपीएस पॅनल बाजूने जास्त बरं दिसतं. आमचं व्हीए आहे. म्हणजे वळणारा ब्रॅकेट आमच्यासाठी शोभेची वस्तू नव्हतीच.

६ ऑक्टोबरला कंपनीकडून इन्स्टॉलेशनचा माणूस आला. टीव्हीसोबत त्यांचा साधा ब्रॅकेट फुकट होता, जो भिंतीला चिकटून बसतो, वळत नाही. मी म्हटलं आम्हाला वळणारा लावायचाय, आणून ठेवला तर लावून द्याल का. त्याने भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठोकून बघितलं, दोन तीन ठिकाणी, आणि मान हलवली. "ताई, हे ब्लॉकचं काम आहे. साधा ब्रॅकेट लावून देतो, पण हात बाहेर येणारा मी नाही लावत. उद्या टीव्ही खाली आला तं माह्यावरच येईन ना." मला तेव्हा राग आला होता, पण आता वाटतं की तो माणूस सरळ होता. त्याने टीव्ही टेबलवर पायांवर उभा करून दिला, चालू करून दाखवला, वॉरंटीची नोंद केली आणि जाताना ओटीपी मागितला. इथे एक सांगते, तो ओटीपी दिला की त्यांच्याकडे काम पूर्ण झाल्याची नोंद होते. टीव्ही पूर्ण तपासून, सगळे पोर्ट चालतात का बघून, जॉब शीटवर "भिंतीवर लावलेला नाही, टेबलवर दिला" असं लिहून घेऊन मगच द्या. मी लिहून घेतलं. नंतर भिंतीवर लावायच्या बाबतीत काही विचारणा झाली तर कागद आपल्याकडे असतो.

त्याने "ब्लॉकचं काम" म्हटलं त्यावरून मी शोधायला लागले. एएसी म्हणजे ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट, आतमध्ये बारीक बारीक हवेचे बुडबुडे असलेला ब्लॉक. त्याची घनता साधारण ५५० ते ६५० किलो प्रति घनमीटर, आणि लाल विटेची त्याच्या अडीच ते तीन पट. वजन कमी म्हणून बिल्डर वापरतात, उष्णताही कमी आत येते जी आपल्या नागपूरच्या मे महिन्यात चांगलीच गोष्ट आहे, पण स्क्रू धरून ठेवायची ताकद विटेसारखी नाही. साधी प्लास्टिकची गिट्टी (स्क्रू धरायला भोकात बसवतात ती नळी) ठोकून स्क्रू पिळला तर फोटो फ्रेम राहील, घड्याळ राहील, पुढे मागे होणारा टीव्ही नाही.

तुमची भिंत कशाची आहे हे ओळखायचं तर जिथे ब्रॅकेटची प्लेट येणार आहे, जी नंतर झाकली जाईल, तिथे एक छोटं भोक पाडून भुगा बघा. लाल भुगा आला तर लाल वीट. राखाडी, कडक, रवाळ भुगा आणि ड्रिलला जोर लागला तर राखेची वीट किंवा काँक्रीट. इकडे कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांमुळे राखेच्या विटा भरपूर वापरल्या जातात आणि त्या भरीव असतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. पांढरट, अगदी हलका भुगा आला आणि प्लास्टर संपल्याबरोबर ड्रिल सर्रकन आत गेलं, तर तो एएसी ब्लॉक. आणि ठोकल्यावर पोकळ डब डब आवाज येऊन पृष्ठभाग किंचित दबला तर ते जिप्सम बोर्ड आहे, त्यावर आतला सांगाडा बघितल्याशिवाय काहीही लावू नका. आमचा भुगा पांढरा निघाला.

आता ब्लॉकच्या भिंतीवर साधा ब्रॅकेट चालतो आणि वळणारा का नाही, हे समजून घेणं या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. पाण्याने भरलेली बादली अंगाशी धरली तर उचलवते, तीच हात सरळ लांब करून धरली तर खांदा निखळतो, तसं आहे हे. आमचा टीव्ही १५ किलोचा. ब्रॅकेटच्या प्लेटवर वरचे आणि खालचे बोल्ट यांच्यात २० सेंटिमीटर अंतर. टीव्ही भिंतीपासून ६ सेंटिमीटरवर असला तर वरच्या बोल्टना भिंतीतून बाहेर ओढणारा जोर येतो १५ गुणिले ६ भागिले २०, म्हणजे साडेचार किलो. तोच टीव्ही ४५ सेंटिमीटर पुढे ओढला की जोर होतो जवळपास ३४ किलो. वजन तेच, टीव्ही तोच, पण ओढ साडेसात पट. त्यात ब्रॅकेटच्या हाताचं स्वतःचं वजन वेगळं, आणि कोणी वळवताना टीव्हीवर भार दिला, किंवा एखादं पोरगं लटकलं तर ते वेगळंच. शिवाय हा जोर एकसारखा नसतो, रोज पुढे मागे, डावीकडे उजवीकडे होत राहतो आणि भोक हळूहळू सैल होत जातं. म्हणून "आमच्याकडे गिट्टीवर लागलाय, काही झालं नाही" असं कोणी सांगितलं तर त्यांचा ब्रॅकेट कोणता आणि भिंत कोणती, हे आधी विचारा.

भिंतीचा विचार चालू असतानाच ब्रॅकेट बघत होते. बर्डीला दोन चार दुकानांत विचारलं तर सगळे एकच प्रश्न विचारायचे, टीव्ही किती इंची. पण इंचावरून काहीच ठरत नाही हो. खोक्यावर ३२ ते ५५ किंवा ३२ ते ७० इंच लिहिलेलं असतं तो नुसता अंदाज. बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे टीव्हीच्या पाठीवरची चार भोकं. त्याला व्हेसा पॅटर्न म्हणतात, व्हेसा ही स्क्रीनची मानकं ठरवणारी संस्था आहे. भोकांमधलं आडवं आणि उभं अंतर मिलिमीटरमध्ये, २०० बाय २००, ३०० बाय २००, ४०० बाय ४०० असं. आमचं ३०० बाय २०० निघालं. ब्रॅकेटच्या यादीत नेमका तुमचा आकडा लिहिलेला असला पाहिजे, "४०० बाय ४०० पर्यंत" एवढ्यावर जाऊ नका, कारण काहींमध्ये मधले आकडे बसत नाहीत. दुसरी गोष्ट वजन. टीव्हीच्या वजनाच्या दुप्पट तिप्पट क्षमतेचा घ्या, आम्ही ४५ किलोवाला घेतला.

आणि तिसरी, जी मला एकाही दुकानात कोणी सांगितली नाही, ती म्हणजे हाताची लांबी आणि टीव्हीची रुंदी यांचा संबंध. खोक्यावर लिहितात ९० अंश वळतो. अहो, ब्रॅकेट वळतो, पण टीव्हीची कड भिंतीला लागते ना! ५५ इंची टीव्ही साधारण १२३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ६१. हात ४६ सेंटिमीटर पुढे येत असेल तर टीव्ही ४८, ४९ अंशांपर्यंतच वळतो, मग मागची कड भिंतीला टेकते. हात ४० चा असेल तर ४१ अंश. पूर्ण ९० हवा असेल तर हात ६१ पेक्षा लांब पाहिजे. ४३ इंची टीव्ही असेल तर साधारण ९६ रुंदी, तो ४५ च्या हातावर ७० अंशांच्या जवळपास जातो. आम्हाला किती लागणार हे मी जमिनीवर दोरी लावून मोजलं. जिथे टीव्हीचा मध्य येणार तिथून बाबांचं डोकं भिंतीपासून ८ फूट आणि बाजूला ८ फूट, म्हणजे सरळ ४५ अंश. त्यामुळे ४४ सेंटिमीटरच्या खालचा हात घेऊन काही उपयोगच नव्हता. हे मोजायला पाच मिनिटं लागतात, ब्रॅकेट मागवायच्या आधी मोजा.

एक हात की दोन हात हाही प्रश्न असतो. एका हाताचे स्वस्त, हजार बाराशेपासून, छोट्या टीव्हीला पुरतात. ५५ ला दोन समांतर हातांचा घ्या, टीव्ही डगमगत नाही आणि एका बाजूला झुकत नाही. आम्हाला ३,४५० ला पडला, ९ ऑक्टोबरला ऑनलाइन मागवला, १३ ला आला. खोक्यात लाकडात पिळायचे मोठे स्क्रू आणि प्लास्टिकच्या गिट्ट्या होत्या. ते लांब स्क्रू अमेरिकेच्या घरांसाठी असतात, तिथे भिंतीच्या आत बहुतेक दर १६ इंचांवर लाकडी उभी पट्टी असते, तिच्यात ते जातात. आपल्या ब्लॉकमध्ये त्यांचा काही उपयोग नाही, बाजूला ठेवून दिले.

मग भिंतीत कसं धरायचं. एएसी ब्लॉकसाठी लांब नायलॉनचे खास प्लग मिळतात, आणि केमिकल अँकर म्हणून एक प्रकार असतो ज्यात भोकात रेझिन भरून त्यात आटेवाला रॉड बसवतात. दोन्ही चालतात, पण भिंत पुरेशी जाड पाहिजे. बिल्डरच्या साइट इंजिनियरला फोन केला, त्यांनी नकाशा बघून सांगितलं की बाहेरच्या भिंती ६ इंची आहेत, पण टीव्हीची भिंत आतली, ४ इंची ब्लॉक आणि दोन्हीकडचं प्लास्टर. आणि मग त्यांनीच विचारलं, "त्या भिंतीच्या मागे काय आहे?" मागे आमच्याच बेडरूमचं भिंतीतलं कपाट. "मग आरपार बोल्ट मारा ना ताई, मागून लोखंडी प्लेट लावा, विषयच संपला." म्हणजे भिंत दोन प्लेटच्या मध्ये दाबली जाते, बोल्टने ब्लॉकमध्ये रुतून धरून राहायची गरजच राहत नाही, बोल्ट बाहेर यायचा तर मागची अख्खी प्लेट भिंत फोडून यावी लागेल. हे ऐकून मला पहिल्यांदा हायसं वाटलं. मात्र भिंतीच्या मागे शेजाऱ्यांचं घर असेल तर हे करता येत नाही, तिथे अँकरवाले पर्याय किंवा साधा ब्रॅकेटच. आणि कॉलम, बीममध्ये आरपार भोक पाडायचा विचारही करायचा नाही.

सोसायटीची परवानगी. आमच्याकडे नियम आहे की भिंतीला मोठं काम असेल तर सेक्रेटरींना लेखी अर्ज द्यायचा. १० ऑक्टोबरला अर्ज दिला, सोबत भिंतीचं हाताने काढलेलं चित्र, भोकं कुठे, किती, आणि ही आतली भिंत आहे, कॉलम नाही असं लिहिलं. १६ ला सही होऊन मिळाला, अटी अशा की ड्रिल सकाळी ११ ते १ आणि दुपारी ४ ते ६ यातच, रविवारी नाही. अर्जाची एक प्रत शिक्का मारून घ्या, त्या दिवशी खाली वॉचमनने कारागिराला अडवलं तेव्हा तीच दाखवावी लागली.

परवानगी मिळाली तोवर १७ ला वसुबारस. वेल्डिंगवाला गावी, सुतार गावी, इलेक्ट्रिशियन म्हणाला भाऊबीजेनंतर बघू. दिवाळीच्या आधी आठवड्यात असं काम काढायचं असेल तर ते दिवाळीनंतरच होणार हे धरून चला, कोणाचा दोष नाही त्यात. पण ते दिवस मला जड गेले. महिला वर्ल्ड कप चालू होता आणि बाबा क्रिकेटचे पक्के शौकीन. ३० ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाविरुद्धची सेमीफायनल, ३३९ चा पाठलाग, जेमिमा रॉड्रिग्जची नाबाद १२७. दिवाणावरून नीट दिसत नव्हतं म्हणून बाबा हट्टाने खुर्चीत येऊन बसले, पाय खाली सोडून, संपेपर्यंत. जिंकलो तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि गुडघा इतका सुजला होता की रात्री बर्फ लावत बसावं लागलं. नवऱ्याने रात्रीच इलेक्ट्रिशियनला मेसेज टाकला की भाऊ काही करा पण शनिवारी या.

मधल्या काळात एक काम करून घेतलं होतं. टीव्हीचं खोकं टीव्हीच्या मापाचं कापलं आणि भिंतीवर टेपने चिकटवून ठेवलं. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण १०५ सेंटिमीटरवर येतात, दिवाणावर तक्क्याला टेकून ८५. मध्य ११० वर ठेवला आणि दिवाणासाठी टीव्ही किंचित खाली झुकवायचा असं ठरलं. लोक टीव्ही फार उंच लावतात, मान दुखते, एकदा खोकं लावून दोन दिवस राहून बघा. अजून एक, टीव्हीच्या पाठीवरची भोकं कित्येकदा टीव्हीच्या मध्यावर नसतात, थोडी खाली असतात, आमची ५ सेंटिमीटर खाली होती. प्लेटची उंची काढताना ते वजा करा.

वेल्डिंगवाल्याने २८ ला ५ एमएम जाडीची १२ बाय १० इंचांची प्लेट कापून दिली, ब्रॅकेटची प्लेट वर ठेवून त्याच जागी चार भोकं, कडा घासून, वर गंज लागू नये म्हणून रेड ऑक्साइड रंगाचा हात. ७५० रुपये, वजन ३ किलोच्या आसपास. इतवारीहून एक मीटर आटेवाला ८ एमएम रॉड, नट, मोठे वॉशर, लॉक नट आणले, १८० रुपये. हॉलच्या बाजूला ब्रॅकेटच्या मागे १२ एमएमचा प्लायचा तुकडा घेतला, कारण टीव्ही पुढे आला की ब्रॅकेटची खालची कड भिंतीत रुतते, प्लाय असला की तो दाब पसरतो. ब्लॉकच्या भिंतीला हा प्लाय फार कामाचा.

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी आधी सुतार भाऊंनी कपाटाच्या मागच्या प्लायमध्ये चौकोनी खिडकी कापली. मग इलेक्ट्रिशियन आले. त्यांनी सगळ्यात आधी तारा कुठून गेल्यात ते बघितलं. बोर्डाच्या सरळ वर आणि सरळ बाजूला कधीच ड्रिल मारायचं नाही, कन्सील म्हणजे भिंतीच्या आतून नेलेल्या वायरिंगचा पाइप बहुतेक तिथूनच येतो. टेस्टर फिरवून बघितला, पेन्सिलने पाइपाची रेघ मारली, आमची भोकं तिच्यापासून वीतभर लांब येत होती, तरी हॉलचा एमसीबी (मेन बोर्डावरचा स्विच) बंद करून ड्रिलला बेडरूममधून लाइन घेतली.

ब्लॉकमध्ये ड्रिल करताना हॅमर मोड बंद ठेवायचा, नाहीतर मागच्या बाजूचं प्लास्टर ताटाएवढं निखळतं. इलेक्ट्रिशियन भाऊंनी आधी बारीक बिट आरपार घातला, मग १० चा. शेवटचा इंचभर अगदी हळू, आणि पलीकडून माझ्या नवऱ्याने लाकडाची फळी दाबून धरली होती. एकही तुकडा उडाला नाही. पांढरा भुगा मात्र सगळ्या घरभर, कपडे आधीच काढून ठेवा. मग रॉडचे चार तुकडे, इकडून ब्रॅकेट आणि प्लाय, तिकडून लोखंडी प्लेट, आणि लेव्हल लावून चारही नट थोडे थोडे आळीपाळीने आवळले. खूप जोर लावून आवळायचं नाही, ब्लॉक चुरगळतो. प्लेट घट्ट बसली, हाताने हलेना, की तिथे थांबायचं आणि वरून लॉक नट. टीव्ही चढवायच्या आधी भाऊ ब्रॅकेटचा हात पूर्ण बाहेर काढून स्वतः त्याला धरून हळूहळू भार देऊन बघत होते, आणि मी मागे कपाटात टॉर्च धरून प्लेटकडे बघत होते. केसभरही हलली नाही. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

टीव्हीच्या पाठीला ब्रॅकेटचा पुढचा भाग लावताना स्क्रूची लांबी बघा. आमच्या टीव्हीला एम ६ चे स्क्रू, खोक्यात तीन लांबीचे होते. भोकात पेनची रिफिल घालून खोली मोजा आणि ब्रॅकेटच्या पत्र्याची जाडी त्यात मिळवून मग स्क्रू निवडा, जास्त लांब गेला तर पॅनल फुटतं. ते हातानेच पिळा, मशीनने नाही. टीव्ही चढवायला दोन जण, तिसरं कोणीतरी खालून स्क्रू लावायला.

वायरींचं आधी ठरवलं नसतं तर सगळं अडलं असतं. टीव्ही पूर्ण पुढे आणि पूर्ण वळलेला असताना वायर मोजायची, भिंतीशी असताना नाही. आमची एचडीएमआय दीड मीटरची होती, ३ मीटरची घेतली, ५५० रुपये. वायरी ब्रॅकेटच्या हाताच्या बाजूने नेल्या, प्रत्येक सांध्यापाशी सैल घोळ ठेवला आणि मधल्या भागात वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधल्या. सांध्यावर पट्टी बांधायची नाही, घडी करताना तिथे वायर चिमटते. तिथून खाली वायरी झाकायच्या केसिंग पट्टीतून सेट टॉप बॉक्सपर्यंत. सेट टॉप बॉक्स टीव्हीच्या मागे लपवू नका, टीव्ही वळला की रिमोट लागत नाही. एमसीबी चालू केला तेव्हा पावणेसहा झाले होते, सोसायटीच्या वेळेत बसलो.

दुसऱ्या दिवशी फायनल. पावसामुळे मॅच दोन तास उशिरा सुरू झाली, तोवर बाबांनी स्वतः रिमोट घेऊन दहा वेळा विचारलं की अजून थोडा इकडे येतो का. टीव्ही ४५ अंशांवर, थोडा खाली झुकवलेला, बाबा तक्क्याला टेकून, पाय उशीवर. शेफालीचे ८७, दीप्तीच्या ५ विकेट, ५२ धावांनी जिंकलो, मध्यरात्र झाली होती. गुडघा सुजला नाही.

वापरताना काही गोष्टी कळल्या त्या सांगते. टीव्ही वळवताना दोन्ही हातांनी खालच्या फ्रेमला धरून वळवायचा, एका कोपऱ्याला धरून ओढायचा नाही, पॅनलवर ताण येतो. मुलाला आणि त्याच्या मित्रांना हात लावू द्यायचा नाही हा नियम घरात पक्का आहे. पूर्ण पुढे ओढला की आमचा टीव्ही उजवीकडे किंचित झुकायचा, त्यासाठी ब्रॅकेटला लेव्हलचा छोटा स्क्रू असतो, दोन तीन अंश इकडे तिकडे करता येतं, टीव्ही खाली न उतरवता. झुकवायचा सांधा सैल वाटला तर ॲलन कीने अर्धा आटा आवळायचा. झोपताना टीव्ही भिंतीशी परत लावायचा, उगाच रात्रभर बोल्टवर ओढ कशाला. दुपारी तीननंतर बाल्कनीतून ऊन येऊन स्क्रीन चमकायची, आता थोडासा वळवला की ते जातं, हा फायदा आधी लक्षातच आला नव्हता. डिसेंबरच्या सुरुवातीला कपाट उघडून मागचे नट तपासले, एक पाव आटा सैल निघाला, बाकी तसेच होते. प्लेटच्या कडेला प्लास्टरवर पेन्सिलने रेघ मारून ठेवलीय, सरकली तर कळेल. आता दर तीन महिन्यांनी बघायचं ठरवलंय, पुढची तारीख मार्चमध्ये.

खर्च एकत्र सांगायचा तर ब्रॅकेट ३,४५०, लोखंडी प्लेट ७५०, रॉड नट वॉशर १८०, प्लाय २००, इलेक्ट्रिशियन १,५००, सुतार ५००, एचडीएमआय ५५०, केसिंग आणि पट्ट्या २२०, सगळे मिळून ७,३५०. विटेची भिंत असेल तर लोखंडी प्लेट, प्लाय आणि सुतार हे तिन्ही वाचतात, चांगले अँकर बोल्ट आणि एक कारागीर एवढ्यात होतं.

उन्हाळ्याचं एक काम बाकी आहे. कूलर आमचा हॉलच्या खिडकीत लागतो आणि त्याचा झोत टीव्ही पूर्ण बाहेर आला की सरळ त्याच्या पाठीवर येतो, ओली हवा पोर्टमध्ये जाणं बरं नाही. इलेक्ट्रिशियन भाऊंचं म्हणणं कूलरच्या जाळ्या दिवाणाकडे वळवा आणि टीव्ही ३० अंशांच्या पुढे नेऊ नका. तेवढ्यात बाबांना दिसतं का ते मार्चमध्ये कूलर काढू तेव्हा दोरी लावून परत मोजणार आहे, नाही जमलं तर कूलरच बेडरूमच्या खिडकीत लावू.